मोनालिसाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला जाऊन आलेले, जाणार असलेले आणि कधीच जाणार नसलेले, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांकडून या एका चित्राबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडनिडे नंतर, असा क्रम ठेवला आहे. एकच माहिती दोन ठिकाणी लागणार असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोनालिसा ही खरोखर होऊन गेलेली बाई आहे का? आणि तिचे नाव मोनालिसाच होते का?

होय, ती खरी बाई होती आणि तिचे नाव लिसा गेरार्दिनी होते. तिचा जन्म १५ जून १४७९ रोजी फ्लॉरेन्समध्ये झाला आणि १४९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, फ्रान्चेस्को देल जोकोंदो या रेशीम व्यापाऱ्याशी तिचे लग्न झाले. ‘मोन्ना’ हे विवाहित स्त्रीला आदराने संबोधण्याचे तत्कालीन इटालियन रूप आहे. म्हणजे ‘मोन्ना लिसा’चे सरळ मराठी ‘लिसाबाई’ असे होईल. इटलीत हे चित्र ‘ला जोकोंदा’ आणि फ्रान्समध्ये ‘ला जोकोंद’ म्हणून ओळखले जाते. या शब्दाचा अर्थ हसतमुख किंवा आनंदी असा असल्याने चेहऱ्यावरचे हसू हा सासरच्या आडनावावर केलेला श्लेष असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

ही बाई म्हणजे चित्रकार लिओनार्दो दा विंची याची आई, एखादी सरदारीण किंवा स्वतः चित्रकारच, अशा कल्पना बराच काळ चालल्या. २००५ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांची एक जुनी छापील प्रत पुढे आली. तिच्या समासात अगोस्तिनो वेस्पुच्ची या फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्याने ऑक्टोबर १५०३ मध्ये लिओनार्दो हा लिसा देल जोकोंदो हिचे चित्र रंगवत असल्याची नोंद केलेली आहे. समासात काही खरडण्याची सवय वाईट असे आपल्याला शाळेत सांगितले जाते, पण या एका खरडीने मोठाच वाद जवळपास मिटवला.

२. चित्रकार इटालियन, बाई इटालियन, मग चित्र फ्रान्समध्ये कसे?

लिओनार्दो दा विंची याने १५०३ च्या सुमारास हे चित्र सुरू केले, पण ते त्या व्यापाऱ्याच्या घरी कधीच पोहोचले नाही. चित्रकाराने ते स्वतःजवळच ठेवले आणि पुढे अनेक वर्षे त्यावर हात फिरवत राहिला. १५१६ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या निमंत्रणावरून तो फ्रान्समध्ये गेला आणि २ मे १५१९ रोजी तेथेच वारला. चित्र राजाच्या संग्रहात गेले, फॉन्तेनब्लो आणि व्हर्साय येथील राजवाड्यांत राहिले, आणि राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आले. मध्यंतरी काही वर्षे ते नेपोलियनच्या शयनगृहातही होते. त्यामुळे नेपोलियनने ते इटलीतून लुटून आणले, हा समज साफ चुकीचा आहे. मात्र याच समजाने पुढे काय घडवले, ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

३. चित्र कापडावर आहे की कागदावर? आणि इतके लहान का?

दोन्हींवर नाही. ते पॉप्लर लाकडाच्या एकाच फळीवर तैलरंगात काढलेले आहे. फळी सुमारे ७७ सेंटीमीटर उंच, ५३ सेंटीमीटर रुंद आणि साधारण १३ मिलिमीटर जाड आहे. त्या काळच्या घरगुती व्यक्तिचित्राच्या मानाने हा आकार लहान नव्हे; उलट बराच ऐसपैस आहे. ते लहान भासते याचे कारण प्रेक्षक काही मीटरांवर अडवलेला असतो आणि समोरच्याच भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचे सुमारे दहा मीटर रुंदीचे ‘काना येथील विवाहभोजन’ लावलेले आहे.

फळीची ही गोष्ट वाचकाने नीट ध्यानात ठेवावी, कारण जतनाविषयीच्या पुढच्या जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे तिच्यातून निघतात. आपल्याकडे पावसाळ्यात घराची दारे फुगतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या फटी पडतात. पाचशे वर्षांचे झाले तरी लाकूड हवेतली ओल शोषते आणि सोडते, आणि त्यावरचा रंगाचा पातळ थर मात्र त्याच्याइतका ताणला जात नाही.

४. चित्राला तडा गेला आहे असे ऐकले. खरे का?

खरे आहे, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फळीच्या वरच्या कडेपासून डोक्याच्या दिशेने सुमारे ११ सेंटीमीटर लांबीची भेग खाली उतरते. ती फार जुनी आहे. पूर्वी कोणीतरी मागच्या बाजूने फुलपाखराच्या आकाराचे अक्रोडी लाकडाचे दोन जोड बसवून ती रोखली. त्यांपैकी एक पुढे निघून गेला. फळीला पुढच्या बाजूने किंचित बाकही आला आहे. हा बाक जबरदस्तीने सपाट करायला गेल्यास भेग वाढेल, म्हणून फळी लवचीक आधार देणाऱ्या चौकटीत बसवली आहे. तिला थोडेफार हलू दिले जाते, आणि ती किती हलते यावर मोजणीची उपकरणे लावून लक्ष ठेवले जाते.

चेहऱ्यावर आणि इतरत्र दिसणारे बारीक जाळे म्हणजे ही भेग नव्हे. ते वाळलेल्या रंगथरांना वयोमानाने पडलेले तडे आहेत आणि त्या काळातील बहुतेक फलकचित्रांवर ते आढळतात.

५. चित्र आज नेमके कसे सांभाळले जाते?

ते एका हवाबंद पेटीत, बंदुकीची गोळी रोखणाऱ्या काचेमागे आहे. आतले तापमान साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखली जाते. २००५ मध्ये साल देझेता हे दालन नव्याने सजवून तेथे ही व्यवस्था करण्यात आली आणि २०१९ मध्ये दालनाच्या डागडुजीबरोबर काचही बदलली. वर्षातून एकदा, संग्रहालय बंद असताना, फळी पेटीतून बाहेर काढून लाकूड, रंग आणि चौकट यांचे जाणकार तिची तपासणी करतात.

या शिस्तीमागे अनुभव आहे. फळीला बाक येऊ नये म्हणून मागे लावलेल्या आडव्या पट्ट्यांमुळे १९७७ मध्ये तेथे कीड झाली आणि औषधी वायूने तिचा नायनाट करावा लागला. संरक्षणासाठी केलेलाच उपाय अंगाशी आला, याचे इतके बोलके उदाहरण विरळा. आता फळीवर होता होईल तो काहीच न करणे आणि तिच्याभोवतीची हवा मात्र चोवीस तास सांभाळणे, हेच धोरण आहे.

६. काचेमागे खरे चित्र नसून नक्कल असते, हे खरे आहे का?

नाही. हा प्रश्न इतक्या खात्रीने विचारला जातो की उत्तर देताना आपणच काही लपवत आहोत असे वाटू लागते. पण भेगेचा नकाशा, मागच्या बाजूचे जोड, क्ष-किरण व अवरक्त प्रतिमा यांवरून या फळीची ओळख एखाद्या माणसाच्या बोटांच्या ठशांइतकी पक्की नोंदलेली आहे.

७. चित्र पिवळट आणि काळपट झाले आहे. ते स्वच्छ का करत नाहीत?

हा या यादीतला सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण त्याला दोन्ही बाजूंनी प्रामाणिक उत्तरे आहेत.

पिवळेपणा रंगाचा नाही. त्यावर वेळोवेळी चढवलेल्या रोगणाचा आहे. रोगण जुने झाले की ते पिवळे आणि मग तपकिरी होते. खालचे आकाश निळे होते आणि कातडीचा रंग थंड व गुलाबीसर होता, याचा अंदाज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील प्रतीवरून येतो. ही प्रत अक्रोडी फळीवर आहे, आणि तिच्या पार्श्वभूमीवर नंतर कोणीतरी सरसकट काळा रंग फासला होता. तो काढल्यावर २०१२ मध्ये जगाला तिच्यातले डोंगर आणि पाणी दिसले. अवरक्त तपासणीत असेही दिसले की मूळ चित्रात लिओनार्दोने काम करता करता केलेले बदल प्रतीतही त्याच टप्प्यांवर केलेले आहेत; म्हणजे शिष्याने गुरूच्या शेजारी बसून ती रंगवली असावी.

मग मूळ चित्राचे रोगण का उतरवू नये? कारण लिओनार्दोचे अखेरचे हात इतके पातळ आहेत की कोठे रोगण संपते आणि कोठे चित्र सुरू होते, ही सीमारेषा ठामपणे आखणे अवघड आहे (प्रश्न ८ पाहा). लूव्रमध्येच त्याचे ‘संत ॲन’ हे चित्र स्वच्छ केले गेले तेव्हा २०११ च्या अखेरीस सल्लागार समितीतील दोन तज्ज्ञांनी सफाई फार खोल गेल्याच्या आक्षेपावरून समिती सोडली. ते चित्र आज अनेकांना सुंदर वाटते, मलाही वाटते. पण उतरवलेला थर परत चढवता येत नाही. शिवाय मोनालिसाचा हा मधाळ, सायंकाळसारखा रंगच लोकांच्या मनात बसला आहे. उद्या ती निळ्या आकाशाखाली उजळ चेहऱ्याने बसलेली दिसली, तर पहिली तक्रार ‘चित्र बदलले’ अशीच येईल.

८. चित्रावर कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत. रंग लावला तरी कसा?

या पद्धतीला ‘स्फुमातो’ म्हणतात. शब्दाचा संबंध धुराशी आहे. प्रकाशातून सावलीत जाताना कोठेही रेघ दिसू नये, यासाठी लिओनार्दोने अतिशय पातळ, अर्धपारदर्शक थर एकावर एक चढवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रेंच संशोधकांनी त्याच्या लूव्रमधील सात चित्रांवर, रंगाचा कणही न खरवडता, क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजणी केली. तेव्हा एकेक थर काही मायक्रोमीटर आणि सर्व थर मिळून ३० ते ४० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण निम्मे, असे आढळले. तेलातला असा प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो, आणि चित्र वर्षानुवर्षे संपले नाही याचे एक कारण हेही असावे.

खालच्या अस्तराबद्दल २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. त्यात प्लंबोनॅक्राइट नावाचे शिशाचे दुर्मीळ संयुग सापडले. आपल्याकडे जुन्या औषधांत आणि रंगकामात ज्याला मुरदाडशिंग म्हणत, तशा शिशाच्या भस्माची तेलात भर घालून लिओनार्दोने तेल दाट आणि लवकर वाळणारे केले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

९. तिला भुवया का नाहीत?

त्या बहुधा होत्या. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या जॉर्जो वसारी याने १५५० मध्ये भुवयांच्या केसांचे कौतुक केले आहे. त्याने स्वतः चित्र पाहिले नसावे, म्हणून एकट्या त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. पण प्रश्न ७ मधील प्रादोच्या प्रतीत भुवया आहेत, आणि २००७ मध्ये एका फ्रेंच अभियंत्याने अतिसूक्ष्म छायाचित्रांत एका भुवईच्या केसाची खूण दिसल्याचे जाहीर केले. सर्वांत वरच्या पातळ थरात रंगवलेले हे केस जुन्या सफाईत पुसले गेले असावेत किंवा त्यांचा रंग उडाला असावा.

१०. ती हसते की नाही? आणि डोळे आपला पाठलाग करतात ते कसे?

हसते, पण थेट ओठांकडे पाहिले की हसू ओसरते. अमेरिकेतील मज्जावैज्ञानिक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी २००० मध्ये याचे दिलेले स्पष्टीकरण असे: आपण तिच्या डोळ्यांकडे पाहत असताना तोंड दृष्टीच्या कडेला येते, कडेच्या दृष्टीला बारीक रेषा टिपता येत नाहीत, पण गालांवरच्या धूसर सावल्या मात्र टिपता येतात, आणि हसू त्या सावल्यांतच आहे. म्हणजे स्फुमातो ही केवळ कारागिरी नसून हसण्याची जागाच आहे.

डोळ्यांचे म्हणाल तर, समोर रोखून पाहणारा कोणताही सपाट चेहरा बाजूने पाहिला तरी आपल्याकडेच पाहतो; दुकानांतले देवांचे फोटोही तसेच पाहतात. गंमत अशी की जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात २०१९ मध्ये केलेल्या मोजणीनुसार मोनालिसाची नजर प्रेक्षकाच्या उजवीकडे सुमारे १५ अंश वळलेली आहे. या परिणामाला जगभर तिचे नाव दिले गेले, आणि तो तिच्यातच नाही.

११. चित्र चोरीला कसे गेले आणि परत कसे आले?

२१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारी, संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद असताना विन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कारागीर चित्र भिंतीवरून काढून, चौकट आणि काच जिन्यात टाकून, नुसती फळी घेऊन चालता झाला. चित्रांना संरक्षक काचा बसवण्याच्या कामावर तो पूर्वी होता, त्यामुळे चित्र कसे सोडवायचे हे त्याला ठाऊक होते. चोरीचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागला. कवी अपोलिनेर याला अटक झाली, पिकासोची चौकशी झाली, आणि दालन पुन्हा उघडल्यावर लोक मोकळी भिंत पाहण्यासाठी रांगा लावू लागले. त्या रांगेत लेखक फ्रांझ काफ्काही होता.

फळी दोन वर्षांहून अधिक काळ पॅरिसमध्येच पेरुजाच्या खोलीत पडून होती. डिसेंबर १९१३ मध्ये त्याने ती फ्लॉरेन्सला नेऊन एका कलावस्तू विक्रेत्याला देऊ केली आणि पकडला गेला. नेपोलियनने लुटलेला ठेवा आपण मायदेशी आणला, असे त्याचे म्हणणे होते. मोबदल्याची अपेक्षाही होतीच. त्याला काही महिन्यांचीच शिक्षा झाली. चित्र इटलीत ठिकठिकाणी दाखवून जानेवारी १९१४ मध्ये परत गेले. इटलीचा त्यावर कायदेशीर हक्क आहे का, असेही विचारले जाते. प्रश्न २ मधील इतिहास पाहता त्याला आधार नाही.

१२. महायुद्धात ते कोठे होते?

१९३९ मध्ये युद्धाची चाहूल लागताच लूव्रमधील हजारो कलाकृती पॅरिसबाहेर हलवल्या गेल्या. मोनालिसा शाँबोरच्या किल्ल्यापासून सुरुवात करून मठ, मोंतोबाँचे संग्रहालय आणि दक्षिणेतल्या गढ्या असा प्रवास करत राहिली आणि १९४५ मध्ये सुखरूप परतली. फळी आणि ओल यांचे नाते पाहता (प्रश्न ३) हा प्रवास चोरीपेक्षा अधिक धोक्याचा होता, असे माझे मत आहे.

१३. चित्रावर हल्ले झाले, त्यांत मूळ रंगाचे नुकसान किती झाले?

मूळ रंगापर्यंत पोहोचलेले हल्ले दोनच, आणि दोन्ही १९५६ मधले. एकदा खालच्या भागावर आम्ल फेकले गेले. दुसऱ्यांदा, ३० डिसेंबरला, एकाने दगड मारला आणि डाव्या कोपराजवळचा रंगाचा टवका उडाला. नंतर तो भाग रंगवून दुरुस्त केला गेला. १९७४ मध्ये टोकियोत फवारलेला लाल रंग, २००९ मधला चिनी मातीचा पेला, मे २०२२ मधला केक आणि जानेवारी २०२४ मधले सूप हे सर्व काचेवरच राहिले.

१४. त्याची किंमत किती? फ्रान्स ते विकू शकतो का?

अमेरिकेच्या दौऱ्यापूर्वी, १९६२ मध्ये, विम्यासाठी त्याचे मूल्य १० कोटी डॉलर ठरवले होते. प्रत्यक्षात विमा उतरवला नाही. विम्याच्या हप्त्याचा पैसा सुरक्षेवर खर्च करणे स्वस्त पडले. आजची रक्कम म्हणून वर्तमानपत्रांत येणारे आकडे हे याच रकमेला महागाईने गुणून काढलेले असतात. फ्रेंच कायद्यानुसार राष्ट्रीय संग्रहातील वस्तू विकता येत नाही, त्यामुळे बाजारभाव असा नाहीच.

१५. मोनालिसा कधी भारतात येईल का?

शक्यता नाही असेच धरावे. १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क, १९७४ मध्ये टोकियो आणि मॉस्को, हे तिचे मोठे परदेश दौरे. त्यानंतर तिने फ्रान्स सोडलेला नाही. कारण राजकीय नाही. प्रश्न ४ मधली भेग आहे.

१६. यापेक्षा सुंदर चित्रे असताना हेच इतके प्रसिद्ध का?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते प्रसिद्ध होते, पण चित्रकारांत आणि जाणकारांत. सामान्यांचा लाडका होता तो लिओनार्दोच्याच काळातला चित्रकार राफाएल. नंतर फ्रान्समध्ये गोतिए आणि इंग्लंडमध्ये पेटर यांच्यासारख्या लेखकांनी तिच्या हसण्यावर गूढतेचा असा काही साज चढवला की रेशीम व्यापाऱ्याची बायको एकदम मोहिनी झाली. त्यात १९११ ची चोरी घडली. छापील छायाचित्रांच्या वर्तमानपत्रांचा तो बहराचा काळ, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात संग्रहालय पाहिले नव्हते त्यांच्याही घरात तिचा चेहरा पोहोचला. १९१९ मध्ये फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ याने तिच्या छापील चित्रावर मिशा काढल्या आणि १९६३ मध्ये अमेरिकन कलावंत वॉरहॉलने एकाच चित्रात तिला तीस वेळा छापले. थट्टा करायची तर ती सर्वांना ओळखता येईल अशाच चेहऱ्याची करावी लागते, आणि प्रत्येक थट्टेने ती ओळख वाढत गेली.

तरीही चोरीनेच ती मोठी झाली, हे अलीकडे ठोकून दिले जाणारे उत्तर मला अर्धवट वाटते. लूव्रमधून इतरही चित्रे चोरीला गेली आहेत. त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत. बाई किंचित वळून बसलेली, हात दिसतील इतकी कंबरेपर्यंत रंगवलेली, मागे मोकळा प्रदेश: ही मांडणी राफाएलने तरुणपणीच उचलली, म्हणजे चित्र पूर्ण होण्याच्या आधीपासूनच ते इतरांना शिकवत होते.

१७. मागचा पूल आणि डोंगर कोणत्या गावचे?

इटलीतील किमान चार गावे तो मान सांगतात. उजव्या आणि डाव्या बाजूची क्षितिजे एकमेकांशी जुळत नाहीत, यावरून देखावा पाहिलेल्या अनेक जागांतून मनाने रचलेला आहे, असे समजणे बरे.

१८. चित्राच्या दोन्ही कडा कापल्या आहेत का? खांब अर्धवट दिसतात.

कापलेल्या नाहीत. फळीच्या चारही कडांना न रंगवलेली पट्टी शाबूत आहे. ती २००४-०५ च्या तपासणीत पुन्हा पडताळली गेली. काही प्रतींत पूर्ण खांब दिसतात, त्यामुळे हा गैरसमज पसरला.

१९. माझ्या दुकानाच्या पाटीवर मोनालिसा छापली तर कोणाची परवानगी लागेल?

मूळ चित्रावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. भारतात ही मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे आणि लिओनार्दोला जाऊन पाच शतके झाली. अडचण येते ती आधुनिक छायाचित्राची किंवा दुसऱ्या कलावंताने केलेल्या रूपांतराची. कोणाच्या वेबसाइटवरून उचललेल्या प्रतिमेला त्या संस्थेच्या अटी लागू असू शकतात, म्हणून मुक्त वापरासाठी दिलेली प्रतिमा घ्यावी.

२०. पॅरिसला जात आहोत. चित्र नीट पाहायला मिळेल का?

लूव्र मंगळवारी बंद असते आणि वेळेचे तिकीट आधी काढलेले बरे. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचे नागरिक किंवा रहिवासी नसलेल्यांना ३२ युरो पडतात. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. संग्रहालयात एका दिवशी सुमारे तीस हजार माणसे येतात आणि त्यांतली बहुतेक या दालनात शिरतात, त्यामुळे काचेसमोर अर्धा-एक मिनिट मिळेल असे धरून चालावे. तिच्यासाठी वेगळे दालन आणि वेगळे तिकीट करण्याची योजना फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली आहे.

त्या अर्ध्या मिनिटात मोबाइल खिशात ठेवून आधी डोळ्यांकडे आणि मग ओठांकडे पाहावे; प्रश्न १० मधला अनुभव तेवढ्या वेळात येतो. त्यानंतर गर्दीबरोबर बाहेर न जाता लगतच्या मोठ्या वीथीत वळावे. तेथे लिओनार्दोची ‘खडकांमधील माता’, ‘संत ॲन’ आणि ‘संत जॉन’ ही चित्रे आहेत. त्यांच्यासमोर दोरखंड नाही की रांग नाही, आणि तोच धुरकट हात तेथे एका हाताच्या अंतरावरून पाहता येतो.